एकच २४ फुटी की दोन १६ फुटी? वर्कशॉपच्या शेडसाठी मोठा फॅन निवडताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाळूजला ६० बाय १२० फुटांचं पत्र्याचं शेड, कडेला उंची २४ फूट, मधे रिजला (छताच्या कण्याला) ३०. एका टोकाला सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं), मधे फॅब्रिकेशन म्हणजे मिग वेल्डिंगची चार स्टेशनं, दुसऱ्या टोकाला असेंब्ली आणि पॅकिंग. वर ५ टनाची ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणारी) पूर्ण लांबीत फिरते. डीलर म्हणतोय एकच २४ फुटी एचव्हीएलएस (हळू फिरून खूप हवा हलवणारा मोठा सीलिंग फॅन) मधोमध लावा, सगळं शेड कव्हर होईल आणि तापमान ७-८ डिग्री उतरेल. तुम्हाला विचारायचंय की तो एक घ्यावा की १६ फुटी दोन, आणि खरंच एवढं उतरतं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण पहिला त्याच्यावर अवलंबून आहे. नाही उतरत. ७-८ सोडा, १ पण नाही. फॅन १००० रुपयांचा असो नाहीतर लाखभराचा, तो हवा हलवतो, थंड करत नाही. भिंतीवरचं थर्मामीटर फॅन चालू केल्यावर जिथल्या तिथे राहतं, उलट कधीकधी थोडं वरच जातं, ते का ते पुढे सांगतो. फरक पडतो तो माणसाच्या अंगाला. वाऱ्याने घाम लवकर सुकतो आणि अंगाभोवतीची गरम हवा बाजूला होते. सेकंदाला १ मीटरच्या आसपास वारा मिळाला की साधारण ३ डिग्री कमी असल्यासारखं वाटतं, आणि हे पण हवा अंगाच्या कातडीपेक्षा थंड असेल तोपर्यंत. कातडीचं तापमान साधारण ३५ धरा. हवा ३५ च्या वर गेली की वारा अंगाला उष्णता देतो, घाम सुकल्यामुळे जी थंडी मिळते तेवढ्यावरच सगळं चालतं. तुमच्याकडे एप्रिल-मे मधे हवा कोरडी असते म्हणून घाम पटकन सुकतो आणि ३८-३९ ला पण फॅनखाली बरं वाटतं. पण ४० च्या वर गेल्यावर नुसत्या फॅनवर भिस्त ठेवू नका, जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी १ ते ४ या वेळेसाठी तुम्हाला वेगळं काहीतरी लागणार, फॅन घेतला तरी.

आता खरा प्रॉब्लेम. तुमचा प्रश्न फॅनचा वाटतो पण तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे ११ नंतर वरून भट्टी पेटल्यासारखं वाटतं, डोकं तापतं, तो अर्ध्याहून जास्त पत्र्याचा प्रश्न आहे. एखादी इन्फ्रारेड टेम्परेचर गन घ्या (हजार-दीड हजारात मिळते) आणि दुपारी २ वाजता खालूनच पत्र्यावर धरा. उघडा जीआय पत्रा असेल तर ६० च्या आसपास आकडा दिसला तरी दचकू नका. हा पत्रा खालच्या माणसावर सरळ उष्णता फेकत असतो, सूर्य फेकतो तशीच, आणि ती उष्णता हवेतून चालत येत नाही त्यामुळे हवा कितीही हलवा, तिला काही फरक पडत नाही. त्यावर इलाज पत्र्यावरच करायला लागतो. वरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग, फक्त पत्रा नीट धुवून मारायचा आणि धूळ बसून पांढरेपणा जातो म्हणून दर उन्हाळ्याआधी एकदा पाणी मारून घ्यायचं. बबल इन्शुलेशन शेड उभारतानाच पत्र्याखाली टाकलं तर सोपं, नंतर खालून लावणं म्हणजे मजुरी जास्त आणि काम अर्धवट. ज्यांचं शेड अजून उभं राहायचंय त्यांनी फॅनचं बजेट ठरवायच्या आधी इन्शुलेशन करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट हवा बाहेर जायची. तुम्ही लिहिलंय की वर ८ टर्बो व्हेंटिलेटर (छतावरचे वाऱ्याने फिरणारे गोल घुमट) आहेत तरी उपयोग नाही. खाली हवा आत यायला जागा कुठे आहे? दोन शटर आहेत, त्यातलं एक माल ठेवल्यामुळे बंदच असतं आणि खिडक्यांना स्लायडिंग काचा. टर्बो व्हेंटिलेटर स्वतः हवा तयार करत नाही, खालून जेवढी आत येईल तेवढीच वरून जाणार. दोन्ही लांब भिंतींना जमिनीपासून ३-४ फुटांवर लुव्हर (तिरप्या पट्ट्यांचे झरोके) काढा, मगच ते टर्बो खऱ्या अर्थाने काम करतील.

हे मी फॅनच्या आधी एवढं का सांगतोय? शेडमधली गरम हवा वर पत्र्याखाली जाऊन साठते. तिथे ४५-५० डिग्री आणि खाली ४०, असा थर धरून बसते. मोठा फॅन ती सगळी वरची हवा खेचून खाली आणतो. ती बाहेर काढायची सोय नसताना फॅन लावणं म्हणजे झाकण न काढता आमटी ढवळणं. म्हणूनच काही ठिकाणी फॅन चालू केल्यावर थर्मामीटर थोडं वर जातं आणि मालक म्हणतो फसवलं. थंड देशांत हाच गुण हिवाळ्यात वापरतात, वरची ऊब खाली आणायला, कॅटलॉगमधे तेच फोटो असतात. गंमत म्हणजे हे मोठे फॅन १९९० च्या दशकात अमेरिकेत दुभत्या गायींच्या गोठ्यांसाठी बनले. गोठा म्हणजे चारी बाजूंनी उघडं शेड, तिथे हवा कोंडायचा प्रश्नच नव्हता. आपण तोच फॅन तीन बाजूंनी बंद डब्यात लावतो आणि तोच रिझल्ट मागतो.

बरं, आता फॅनकडे येऊ. पत्रा आणि लुव्हरचं काम तुम्ही करणार असं धरून पुढे लिहितो.

साइज ठरवताना बहुतेक लोक कव्हरेजच्या आकड्याकडे बघतात, "१५,००० स्क्वेअर फूट कव्हर". हा आकडा रिकाम्या गोडाऊनचा असतो, आणि त्याच्या कडेला जो वारा पोचतो तो अंगाला कळेल असा असतोच असं नाही. मोठ्या फॅनची हवा खाली खांबासारखी उतरते, फ्लोअरला आपटते आणि मग जमिनीलगत चारी बाजूंना पसरते. हा जमिनीलगतचा वाराच लांबच्या माणसापर्यंत जातो. त्याच्या वाटेत व्हीएमसीचं धूड, रॅक, पत्र्याच्या शीटची चळत आली की वारा तिथेच संपला, पलीकडचा माणूस घामाघूम. त्यामुळे जिथे मशिनरी दाट आहे तिथे एका फार मोठ्या फॅनपेक्षा दोन मध्यम फॅन मला बरे वाटतात. मी साधारण व्यासाच्या अडीच ते तीन पट अंतर दोन फॅनमधे धरतो, रॅक जास्त असतील तर अडीच पण जास्त होतं. मोकळं गोडाऊन, मंगल कार्यालय, असेंब्लीचा मोकळा हॉल असेल तर मात्र एक मोठा फॅनच बेस्ट, तिथे मी लहान सुचवणार नाही.

क्षेत्रफळाचा हिशोब पण बघा. पात्याच्या वर्तुळाचं क्षेत्र व्यासाच्या वर्गावर जातं. २४ चा वर्ग ५७६, १६ चा २५६, म्हणजे दोन १६ फुटी मिळून ५१२. एका २४ फुटीच्या जवळजवळ ९० टक्के झालं आणि वरून ते दोन जागी मिळतं, जिथे हवं तिथे. शिवाय एक बंद पडला तरी दुसरा चालू.

आता तुमच्या शेडमधे २४ फुटी बसतो तरी का ते बघू, कारण इथेच डीलर लोक माप न घेता कोटेशन देतात. रिजला उंची ३०, कडेला २४, म्हणजे मधल्यापासून दर ५ फुटांना पत्रा १ फूट खाली येतो. तुमच्या क्रेनचा सगळ्यात वरचा भाग फ्लोअरपासून २२ फूट आहे असं तुम्ही लिहिलंय. क्रेनच्या वर कमीत कमी ३ फूट मोकळं सोडायचं म्हटलं तर पातं आलं २५ फुटांवर. २४ फुटी फॅनचं टोक मधल्यापासून १२ फूट लांब, तिथे पत्रा साडेसत्तावीसच्या आसपास. राहिले अडीच फूट, त्यातून राफ्टरची (पत्र्याखालच्या मुख्य तिरप्या तुळईची) खोली दीड फूट वजा करा, म्हणजे पातं आणि राफ्टरमधे जेमतेम १ फूट. यांत्रिक दृष्ट्या फिरेल, पण फॅनला वरून हवा ओढायला जागाच नाही, गळा दाबल्यासारखा चालेल आणि कॅटलॉगमधली हवा काही मिळणार नाही. १६ फुटीचं टोक ८ फुटांवर, तिथे पत्रा साडेअठ्ठावीसच्या जरा खाली, म्हणजे पत्र्यापर्यंत जवळजवळ साडेतीन फूट, राफ्टर वजा करून दोनच्या आसपास मिळतात. हे पण काही उदार नाही पण चालतं. त्यामुळे तुमच्या केसमधे चर्चा इथेच संपते खरं तर. ही मापं तुम्ही स्वतः लेसर मीटरने परत घ्या, ड्रॉइंगवर जाऊ नका, साइटवर ६ इंच इकडेतिकडे असतंच. आणि हो, क्रेनच नसती आणि पातं १८-२० फुटांवर आणता आलं असतं तर २४ फुटीचा विचार नक्की केला असता.

जागा कुठे? मला विचाराल तर दोन्ही फॅन रिजच्या रेषेत, पहिला सीएनसीच्या टोकापासून साधारण २५ फुटांवर, दुसरा १०० फुटांवर, असेंब्लीच्या डोक्यावर. बरोब्बर मधे, म्हणजे वेल्डिंगवर, फॅन नको. दोघांमधलं अंतर माझ्या नेहमीच्या हिशोबापेक्षा जास्त होतंय हे मला दिसतंय, ते मुद्दाम आहे.

मिगमधे गॅसचं कवच असतं, सीओटू किंवा आर्गन मिक्स, ते वितळलेल्या धातूवर टिकलं पाहिजे. वारा साधारण ताशी ८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.२ मीटरच्या वर गेला की ते कवच उडतं, आणि वेल्डच्या बीडमधे (वितळून जमलेल्या धातूच्या रेघेत) ब्लोहोल यायला लागतात, वरून टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि ग्राइंड केल्यावर आत अजून. व्यवहारात मी वेल्डिंग टेबलवर १ मीटरच्या खाली ठेवायला बघतो. नाहीतर काय होतं ते फॅब्रिकेशनवाल्या कुणालाही विचारा. वेल्डर आधी फ्लोमीटर १२ वरून २० वर नेतो, मग सिलिंडर लवकर संपायला लागतात आणि परचेसवाला ओरडतो, मग टेबलाभोवती प्लायचे तुकडे उभे राहतात आणि शेवटी कुणीतरी गुपचूप जाऊन फॅनच बंद करतो. त्यात त्याची चूक काही नाही, रिजेक्शन त्याच्या नावावर पडतं. मधल्या वेल्डिंगला दोन्ही बाजूंच्या फॅनचा उरलेला हलका वारा मिळेल, तेवढा पुरे. चारही स्टेशनांना वेल्डिंगचे पडदे लावा, खाली फूटभर फट ठेवा, आणि फ्यूम एक्स्ट्रॅक्शन वेगळं करा. ते फॅनकडून होणार नाही, फॅन धूर शेडभर वाटतो फक्त. नुसत्या आर्क रॉडचं काम असतं तर एवढं टेन्शन नव्हतं, पावडर कोटिंग असतं तर मी तिथे मोठा फॅन लावूच नका म्हटलं असतं.

मोटरबद्दल लोक खूप भांडतात. गिअरबॉक्सवाला स्वस्त, दुरुस्त करणारा कुठेही मिळतो, पण आवाज थोडा जास्त, ऑइल बदलायचं आणि सील गेलं की २५ फुटांवरून तेलाचे थेंब थेट असेंब्लीच्या मालावर. पीएमएसएम म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह (गिअरबॉक्सशिवाय मोटर सरळ पात्यांना), शांत, ऑइल नाही, वीज कमी खातो, पण कंट्रोलर बहुतेक कंपनीचाच लागतो. तुमच्याकडे खाली क्रेन आहे, दुरुस्तीला वर जायचं म्हणजे प्रॉडक्शन थांबवून सीझर लिफ्ट लावायची, म्हणून मी डायरेक्ट ड्राइव्हकडे झुकेन. फक्त ऑर्डरच्या आधी एकच विचारा: कंट्रोलर गेला तर स्पेअर तुमच्या गावात किंवा पुण्यात स्टॉकला आहे का, आणि ते लेखी घ्या. मे महिन्यात कंट्रोलर जळला आणि पार्ट यायला महिना लागला तर त्या फॅनचा त्या वर्षी उपयोग शून्य.

विजेचं फार मनावर घेऊ नका. १६ फुटीला १ एचपीच्या आसपास मोटर असते, दोन मिळून दीड किलोवॅट. तुमचे आत्ताचे १२ मॅन कूलर (मोठे उभे फॅन) प्रत्येकी पाव किलोवॅट धरले तरी ३ किलोवॅट खातात, आणि आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. अजून एक, फॅनची पॉवर स्पीडच्या घनाने बदलते. ८० टक्के स्पीडला पॉवर जवळजवळ निम्मी, ५० टक्क्यांना आठवा हिस्सा. म्हणून व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) हवाच आणि प्रत्येक फॅनला वेगळा. सकाळी निम्म्या स्पीडवर, दुपारी फुल. व्हीएफडी ते मोटर केबल शील्डेड घ्या आणि अर्थिंग नीट करा, सीएनसीच्या सिग्नल केबलच्या ट्रेमधून ती नेऊ नका, नाहीतर मशीनवर भलतेसलते अलार्म येतील आणि सर्व्हिस इंजिनीअर दोन दिवस एन्कोडर तपासत बसेल.

कोटेशनची तुलना करताना सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) नुसता आकडा बघू नका. विचारा की हा आकडा एएमसीए २३० (फॅन टेस्ट करायचं स्टँडर्ड) प्रमाणे टेस्ट केलेला आहे का, किती आरपीएमला आणि त्यावेळी किती वॅट घेत होता. रिपोर्ट दाखवणारा आणि "सर आमच्याकडे तेवढाच येतो" म्हणणारा यात फरक करा. पात्यांच्या संख्येवर पण जाऊ नका, ८ पाती म्हणजे ५ पात्यांपेक्षा जास्त हवा असं नसतं, पात्याचा आकार आणि कोन महत्त्वाचा.

बसवण्यात मी अजिबात तडजोड करत नाही. एवढा फॅन सहज ७०-८० किलोच्या पुढे जातो, आणि नुसतं वजन नाही, चालू-बंद होताना पिळा पण देतो. पर्लिनला (पत्रा धरणाऱ्या पातळ आडव्या पट्ट्यांना) लटकवायचा नाही, कितीही कुणी सांगितलं तरी. दोन राफ्टरच्या मधे आडवा मेंबर टाकून त्याला लावायचा, आणि तुमचं पीईबी (कारखान्यात बनवून आणलेलं स्टीलचं तयार शेड) असेल तर ज्याने शेड दिलं त्याच्याकडून किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून हा लोड चालतो असं लिहून घ्या. खाली येणारा रॉड लांब असेल तर चार बाजूंना टर्नबकलवाल्या तारा, शिवाय हबला सेफ्टी वायर आणि पाती एकमेकांना जोडणारी रिंग, म्हणजे बोल्ट तुटला तरी पातं खाली येत नाही. पहिल्या महिन्यानंतर सगळे नट-बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासायचे, हे एएमसीमधे (वर्षाच्या मेंटेनन्स करारात) लिहून घ्या. शेडमधे स्प्रिंकलर असतील तर फायर अलार्मला फॅन आपोआप बंद झाला पाहिजे, तुमच्याकडे नाहीत असं दिसतंय.

क्रेनवाल्या शेडमधे अजून दोन गोष्टी विसरतात. क्रेनच्या मेंटेनन्सला माणूस गर्डरवर चढतो तेव्हा फॅन त्याच्या डोक्याच्या उंचीवर असतो, म्हणून प्रत्येक फॅनला खाली कुलूप लागेल असा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) द्या आणि चावी चढणाऱ्याच्याच खिशात. दुसरं, क्रेन उभी करायची जागा फॅनखाली नको, वेल्डिंग आणि असेंब्लीच्या मधे पार्क करा, नाहीतर गर्डर हवा अडवतो. लाइटचं पण बघून घ्या. हाय-बे एलईडी पात्यांच्या वर आले की खाली सावली लपलप करते आणि सीएनसीवर माप बघणाऱ्या ऑपरेटरचं डोकं दुखतं. फॅनच्या वर्तुळातले दिवे बाजूला सरकवा.

राहिला मे महिन्यातला दुपारचा ४० च्या वरचा प्रश्न. तिथे तुमच्याकडे डक्ट कूलर (ओल्या पॅडमधून हवा ओढून डक्टने आत देणारा) चालतो कारण हवा कोरडी आहे. ४१ डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या पॅडवाला कूलर २८ च्या आसपास हवा देऊ शकतो. हाच कूलर वसई किंवा रत्नागिरीत लावला तर ४-५ डिग्री उतरेल आणि वरून चिकचिक वाढेल, म्हणून कोकणातल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, तिथे वारा आणि एक्झॉस्ट हेच. तुम्ही पूर्ण शेडला कूलर करू नका, असेंब्ली आणि वेल्डरच्या उभं राहायच्या जागेवर डक्टची तोंडं सोडा, वेल्डरला पाठीमागून आणि हळू. बाहेरचीच हवा घ्यायची, आतली फिरवायची नाही. सीएनसीकडे डक्ट नेऊ नका, फिनिश झालेल्या जॉबवर गंज येतो. आणि पाण्याचा विचार करा, बोअरचं जड पाणी असेल तर पॅडवर पांढरा थर बसून सीझन संपायच्या आत पॅड दगड होतात, टँकरवर अवलंबून असाल तर तो खर्च आधी मांडा.

पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर माझा क्रम असा: लुव्हर आणि पत्र्याचा पांढरा कोट, मग असेंब्लीवरचा एक १६ फुटी, एक उन्हाळा बघा, मग सीएनसीवरचा दुसरा, आणि शेवटी कूलर. पहिला फॅन लागल्यावर एखादा साधा ॲनिमोमीटर (वारा मोजायचं यंत्र) घेऊन माणूस जिथे उभा असतो तिथे छातीच्या उंचीवर रीडिंग घ्या, वेल्डिंग टेबलवर पण घ्या, आणि दुसऱ्या फॅनची जागा त्या आकड्यांवरून पक्की करा, माझ्या २५ फुटांवरून नाही. राफ्टर किती फुटांवर आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीये. ते आणि क्रेनच्या होइस्टचं (माल उचलणाऱ्या भागाचं) सगळ्यात वरचं टोक, एवढे दोन आकडे टाका, मग आडव्या मेंबरबद्दल नेमकं सांगता येईल.